रीड-ओन्ली रूटवर सेटिंग्ज कुठे ठेवायच्या: प्रकल्प नोंदी

४ मार्च

आमच्या गेटवेच्या (लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या डिव्हाइसच्या) पुढच्या आवृत्तीत रूट फाईल सिस्टीम, म्हणजे सिस्टीमच्या सगळ्या फाईलींची जागा, स्क्वॉशएफएस या फक्त वाचता येणाऱ्या प्रकारावर न्यायची, हे आज पक्कं झालं. ही डिव्हाइसेस रीतसर शटडाउन कधीच होत नाहीत, कोणीतरी प्लग खेचतो आणि काम संपतं. आजवर रूट ईएक्सटी४ या लिहिता येणाऱ्या प्रकारचं होतं आणि ते रीड-ओन्ली माउंट करून (फक्त वाचण्यापुरतं जोडून) आपण निर्धास्त होतो. पण ईएक्सटी४ रीड-ओन्ली माउंट केलं तरी जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) अर्धवट राहिलेलं असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) माउंट करताना ते पूर्ण करतो, म्हणजे डिस्कवर लिहितोच. ते टाळायला ‘नोलोड’ हा पर्याय द्यावा लागतो. स्क्वॉशएफएसमध्ये लिहिण्याची सोयच नाही, त्यामुळे हा प्रश्न उरत नाही. ब्लॉक साइझ नेहमीचा १२८ केबी ठेवतोय. १ एमबीपर्यंत नेता येतो, पण छोट्या फाईलचा तुकडा वाचायला अख्खा ब्लॉक उलगडायचा हे आपल्या प्रोसेसरला परवडणारं नाही.

रूटचं काम सोपं आहे. या नोंदी सेटिंग्जसाठी आहेत: डिव्हाइसचं नाव, स्थिर आयपी, टाइमझोन, वाय-फाय, अ‍ॅडमिनचा पासवर्ड, सर्टिफिकेट, सेन्सरच्या मर्यादा. आजच्या घडीला यातलं जवळजवळ सगळं ईटीसी या कॉन्फिग फाईलींच्या डिरेक्टरीत जाऊन बसतं, आणि ती डिरेक्टरी आता लिहिता येणार नाही.

६ मार्च

ईटीसीत नक्की कोण कोण लिहितं, हे अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजून घेतलं. इनिटरॅमएफएसमध्ये (रूट माउंट होण्याआधी चालणाऱ्या छोट्या सिस्टीममध्ये) बदल करून अख्ख्या रूटवर ओव्हरलेएफएस चढवलं: ते दोन थर एकावर एक दाखवतं आणि बदल फक्त वरच्या थरात लिहितं. खालचा थर खरी इमेज (अख्ख्या रूटची तयार प्रत), वरचा थर टेम्पएफएस (मेमरीतली तात्पुरती जागा). मग डिव्हाइस नेहमीसारखं चालवलं, वेब पेजवरची प्रत्येक सेटिंग बदलून पाहिली, नेटवर्कची केबल काढून घातली, आणि शेवटी वरच्या थरात काय साठलंय ते पाहिलं. ज्या ज्या फाईलला कोणी हात लावला ती तिथे सापडते. हटवलेली फाईलही सापडते, ०,० क्रमांकाच्या कॅरॅक्टर डिव्हाइसच्या रूपात.

ही पद्धत मला फार आवडली, पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. प्रोग्रॅमने फाईल लिहिण्यासाठी नुसती उघडली, एक अक्षरही लिहिलं नाही, तरी ओव्हरले ती फाईल वर कॉपी करतं. परवानग्या बदलल्या तरी तेच. म्हणून यादीतली प्रत्येक फाईल मूळ फाईलशी ताडून पाहिली आणि निम्म्याहून जास्त गळल्या.

उरल्या त्या अशा: होस्टनेम, लोकलटाइम, अ‍ॅडजटाइम, रिझॉल्व्ह-कॉन्फ, मशीन-आयडी (डिव्हाइसची ओळख), शॅडो (पासवर्डची सांकेतिक रूपं ठेवणारी फाईल) आणि तिची जुनी प्रत, पासवर्डच्या कामासाठी बनणारी कुलपाची फाईल, एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) होस्ट की, वाय-फायची फाईल आणि आपल्याच अ‍ॅप्लिकेशनची कॉन्फिग फाईल. व्हार-लिब डिरेक्टरीत रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांचं बीज), डीएचसीपी लीज (मिळालेल्या आयपीची नोंद) आणि घड्याळाची शेवटची वेळ. बस, एवढंच. अख्ख्या ईटीसीत शेकडो फाईली आहेत आणि खरोखर बदलतात त्या बोटांवर मोजण्याइतक्या.

७ मार्च

बैठकीत सोपा रस्ता पुढे आला: रूट रीड-ओन्ली राहू दे, फक्त ईटीसीवर ओव्हरले टाकू, वरचा थर डेटा पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या, लिहिता येणाऱ्या भागावर) ठेवू. योक्टो या इमेज बनवण्याच्या साधनात यासाठी तयार सोय आहे, दोन-चार ओळींत काम होतं आणि एकाही प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. ओव्हरलेएफएस ३.१८ पासून कर्नलमध्येच आहे, चांगलं मुरलेलं आहे. मोह होण्यासारखंच आहे. तरी मी विरोध केला, आणि नुसतं बोलण्यापेक्षा टेबलावर करून दाखवलं.

आवृत्ती एक चढवली, ईटीसीवर ओव्हरले. वेब पेजवरून एक वापरकर्ता जोडला. झालं, पासवर्ड फाईल, ग्रुप फाईल आणि शॅडो अशा तिन्ही फाईली अख्ख्याच्या अख्ख्या वरच्या थरात गेल्या. मग आवृत्ती दोन चढवली. तिच्या इमेजमध्ये नव्या टेलिमेट्री सर्व्हिससाठी नवा सिस्टीम वापरकर्ता आहे. अपडेट व्यवस्थित झालं, डिव्हाइस उठलं, आणि ती सर्व्हिस पडली. सिस्टीमच्या लॉगमध्ये (त्यालाही जर्नलच म्हणतात) स्टेटस २१७, यूजर. म्हणजे ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालायचं तो सापडलाच नाही. नव्या इमेजमधली पासवर्ड फाईल अगदी बरोबर होती, पण ती दिसतच नव्हती, वरच्या थरातल्या जुन्या फाईलने तिला झाकून टाकलं होतं.

हे सर्व्हिसपुरतं असतं तर निभावलं असतं. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये कोणी एक ओळ बदलली असेल तर ती फाईल त्या क्षणी गोठते. पुढे आपण एखादा कमकुवत अल्गोरिदम बंद करून नवी इमेज पाठवली, तर त्या डिव्हाइसवर तो चालूच राहील, आणि आवृत्तीचा क्रमांक मात्र नवा दिसेल. ओव्हरलेला ओळ कळत नाही, फाईल कळते. आपल्याला राखायची असते वापरकर्त्याने बदललेली एक ओळ, आणि राखली जाते तिच्याभोवतीची सगळी जुनी फाईल.

शिवाय कर्नलचं डॉक्युमेंटेशन सांगतं की ओव्हरले माउंट नसताना खालचा थर बदलायला हरकत नाही, पण इंडेक्स, मेटाकॉपी, रीडायरेक्ट अशी काही वैशिष्ट्यं वापरलेली नसतील तरच. प्रत्येक अपडेटला खालचा थर बदलणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या अटीवर कायमचं अवलंबून राहावं असं मला वाटत नाही.

संध्याकाळपर्यंत ओव्हरलेचा प्रस्ताव मागे पडला.

१० मार्च

फाईलनिहाय बाइंड माउंट करून पाहिलं. डेटा पार्टिशनवरची होस्टनेम फाईल ईटीसीतल्या होस्टनेमवर बसवायची, असं. वाचायला उत्तम चालतं, लिहायला नाही. शहाणे प्रोग्रॅम फाईल जागेवर बदलत नाहीत, शेजारी तात्पुरती फाईल बनवून तिला मूळ नाव देतात. इथे शेजारी फाईल बनवायलाच बंदी, कारण डिरेक्टरी रीड-ओन्ली आहे: एरर ३०. आणि तात्पुरती फाईल कशीबशी तिथे बनली असती तरी माउंट पॉइंट असलेल्या फाईलवर रीनेम होत नाही, ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असं उत्तर येतं. म्हणजे जो प्रोग्रॅम नीट लिहिलेला आहे तोच इथे अडतो, आणि जो फाईल रिकामी करून त्यातच लिहितो तो बिनबोभाट चालतो.

सिमलिंकचीही (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणाऱ्या नावाचीही) तीच गत. काही प्रोग्रॅम लिंकच्या मागे जातात, काही लिंकच्या जागी खरी फाईल ठेवू पाहतात. प्रत्येकाचा स्वभाव जपत बसलो तर दर अपडेटला नवा अपवाद निघेल.

११ मार्च

आज कोड नाही, फक्त वाटणी. यादीतल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारला: हिचा मालक कोण?

सिरीयल नंबर, मॅक अ‍ॅड्रेस, डिव्हाइसची खाजगी की यांचा मालक कारखाना. एकदा लिहायचं, पुन्हा कधीच नाही. फॅक्टरी रीसेटनेही ते जाता कामा नये, म्हणून त्यांना वेगळं छोटं पार्टिशन दिलं, कायम रीड-ओन्ली माउंट होणारं. नाव, आयपी, वाय-फाय, टाइमझोन, मर्यादा यांचा मालक वापरकर्ता. लीज, सीड, घड्याळाची वेळ ही चालत्या सिस्टीमची स्वतःची टिपणं, गेली तरी पुन्हा तयार होतात.

आणि बाकीचं सगळं, म्हणजे सिस्टीम वापरकर्ते, एसएसएचची धोरणं, सिसकंट्रोलची (कर्नलच्या सेटिंग्जची) मूल्यं, सर्व्हिसच्या व्याख्या, हे दिसायला सेटिंग असलं तरी मालक आपण, म्हणजे इमेज. ते इमेजबरोबर यावं आणि इमेजबरोबरच बदलावं. ईटीसीचा बहुतेक भाग या शेवटच्या ढिगात जातो. अडचण एवढीच की कारखान्याचं, वापरकर्त्याचं आणि इमेजचं असं सगळं आजवर एकाच डिरेक्टरीत शेजारी शेजारी नांदत होतं.

१३ मार्च

आराखडा ठरला. डेटा पार्टिशनवर एकच सेटिंग्ज फाईल, आणि तिच्यात फक्त वापरकर्त्याने मुद्दाम निवडलेलं. डिफॉल्ट मूल्यं तिच्यात कधीच लिहायची नाहीत. ज्याने टाइमझोन बदललाच नाही त्याच्या फाईलमध्ये टाइमझोनची ओळच नसेल, म्हणजे पुढे आपण डिफॉल्ट बदललं तर त्याला ते आपोआप मिळेल.

बूट होताना, नेटवर्क उठायच्या आधी, एक छोटी सर्व्हिस ही फाईल वाचते, इमेजमधल्या डिफॉल्टशी जोडते आणि तयार कॉन्फिग फाईली रन डिरेक्टरीत बनवते. रन म्हणजे टेम्पएफएस, बंद झालं की साफ. दर बूटला फाईली नव्याने जन्माला येतात, त्यामुळे शिळी फाईल ही गोष्टच उरत नाही. या सर्व्हिसला आम्ही ‘जुळणी’ म्हणायला लागलोय.

सिस्टीमडीच्या (सगळ्या सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जगात हे सुरेख बसतं. तो एकाच नावाची फाईल तीन ठिकाणी शोधतो: आधी ईटीसी, मग रन, मग यूएसआर-लिब. पण नेमकी इथेच मेख आहे. ईटीसीचा मान रनच्या वर. इमेजमध्ये नेटवर्कची डिफॉल्ट फाईल ईटीसीत असेल तर त्याच नावाची आपण रनमध्ये बनवलेली फाईल सिस्टीमडी बघणारही नाही, आणि कुरकुरही करणार नाही. म्हणून आपल्या रेसिपींमधल्या (योक्टोला दिलेल्या बांधणीच्या सूचनांमधल्या) अशा सगळ्या फाईली यूएसआर-लिबमध्ये हलवल्या. सिस्टीमडी-डेल्टा ही कमांड कुठली फाईल कुणाला झाकते ते दाखवते. ती आता टेस्टमध्ये घातली आहे.

ज्यांना तीन ठिकाणं कळत नाहीत त्यांच्यासाठी इमेजमध्येच सिमलिंक: ईटीसीतून रनकडे. कालपरवाचा लिंकचा त्रास इथे नाही, कारण त्या फाईलवर लिहिणारी आता एकटी जुळणी आहे आणि ती थेट रनमध्येच लिहिते. वेब पेज ईटीसीला हात लावत नाही. ते सेटिंग्ज फाईल बदलतं आणि जुळणीला पुन्हा चालायला सांगतं. वाय-फायसाठी डब्ल्यूपीए-सप्लिकंट या वाय-फाय जोडणाऱ्या प्रोग्रॅमला कॉन्फिग फाईलचा पत्ता कमांडमध्येच देता येतो, आणि स्वतःहून फाईल बदलण्याची त्याची परवानगी बंदच ठेवली.

अ‍ॅडमिनच्या पासवर्डबद्दल थोडी चर्चा झाली. माझं म्हणणं मान्य झालं: वेबचा पासवर्ड हा अ‍ॅप्लिकेशनचा पासवर्ड, त्याचा हॅश (उलटवता न येणारं सांकेतिक रूप) सेटिंग्ज फाईलमध्ये. शॅडो फाईल इमेजची, रूट खातं कुलूपबंद, आणि तिला चालत्या डिव्हाइसवर कोणी शिवायचं नाही.

१७ मार्च

सगळं आता एका फाईलवर आलंय, तर ती फाईल वीज गेली तरी शाबूत राहिलीच पाहिजे. लिहिण्याचा क्रम असा: त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाईल, मजकूर, एफसिंक (लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरवायला लावणं), रीनेम, आणि मग डिरेक्टरीचंही एफसिंक. शेवटची पायरी बरेच जण गाळतात. ती गाळली तर फाईलचा मजकूर डिस्कवर असतो, पण नाव अजून जुन्याच फाईलकडे बोट दाखवत असण्याची शक्यता राहते. वापरकर्त्याला ‘जतन झालं’ असं सांगितल्यावर तसं होणं मला मान्य नाही.

रिले लावून वीज तोडण्याची चाचणी रात्रभर चालवली. स्क्रिप्ट सतत सेटिंग लिहीत होती आणि रिले मनाला येईल तेव्हा वीज तोडत होता. जुन्या पद्धतीने, म्हणजे फाईल रिकामी करून त्यातच लिहिताना, कधी रिकामी फाईल मिळाली, कधी अर्धी. नव्या क्रमाने दर वेळी एक तर पूर्ण जुनी किंवा पूर्ण नवी. तरीही फाईलमध्ये चेकसम (मजकूर बिघडला का ते सांगणारा आकडा) आणि शेजारी मागची चांगली प्रत ठेवतोय, कारण ईएमएमसी (आपली फ्लॅश चिप) म्हातारं झाल्यावर काय करेल त्याची हमी एफसिंक देत नाही.

१८ मार्च

मशीन-आयडी. इमेजमध्ये ती फाईल रिकामी ठेवली आणि ईटीसी लिहिता येत नसेल, तर सिस्टीमडी दर बूटला नवा आयडी बनवून वरून बसवतो. वरवर निरुपद्रवी वाटतं. पण नेटवर्कडी (सिस्टीमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग) डीएचसीपी सर्व्हरला (आयपी वाटणाऱ्याला) जी ओळख देतो ती याच आयडीवरून काढतो. राउटरच्या पानावर एकाच डिव्हाइसच्या नोंदींची रांग लागलेली दिसली ती त्यामुळेच: दर रीस्टार्टला नवं गिऱ्हाईक, नवा आयपी. आता आयडी कारखान्याच्या पार्टिशनवर आहे, आणि बूटलोडर (कर्नल सुरू करणारा प्रोग्रॅम) तो कर्नलच्या कमांडलाइनवरून सिस्टीमडीला देतो.

एसएसएच कीचंही असंच आहे. योक्टोच्या रीड-ओन्ली इमेजमध्ये एसएसएचची जी कॉन्फिग येते ती की तात्पुरत्या जागेत बनवते, म्हणून दर बूटला की नवी आणि जोडणाऱ्याला दर वेळी ‘होस्टची ओळख बदलली’ असा इशारा. लोकांना तो इशारा न वाचता पुढे जायची सवय लागली तर त्याचा उपयोगच संपला. की डेटा पार्टिशनवर, आणि कॉन्फिगमध्ये होस्ट-कीचा तसा पत्ता.

२१ मार्च

डेटा पार्टिशन माउंटच झालं नाही तर? डिव्हाइसने तरीही उठायचं, डिफॉल्ट सेटिंग्जवर नेटवर्कवर यायचं आणि वेब पेजवर ठळकपणे सांगायचं की आपण डिफॉल्टवर चालतोय. छतावर बसवलेल्या डिव्हाइसने इमर्जन्सी शेलमध्ये बसून कीबोर्डची वाट पाहण्यात काही अर्थ नाही.

एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) ‘नोफेल’ टाकलं. पण नोफेलने माउंट नुसतं ऐच्छिक होत नाही, लोकल-एफएस टार्गेट (स्थानिक माउंट झाल्याचा बूटमधला टप्पा) त्याची वाट पाहणंही सोडतो. म्हणजे जुळणी माउंटच्या आधी धावू शकते, आणि मग अगदी ठणठणीत पार्टिशन असूनही डिव्हाइस डिफॉल्टवर येतं. कधी होतं, कधी नाही, असला बग सर्वांत वाईट. जुळणीच्या युनिटमध्ये माउंटनंतर चालण्याचा क्रम वेगळा लिहिला. ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ मुद्दाम वापरलं नाही; तो माउंट फसला की जुळणीलाही अडवतो, आणि आपल्याला ती नेमकी तेव्हाच हवी आहे. डिव्हाइस दिसण्याची वाट ९० सेकंदांऐवजी १० सेकंद.

पार्टिशन बिघडलेलं दिसलं की लगेच फॉरमॅट करावं, असं एक मत होतं. मी नको म्हटलं. त्यावर कोणाचं तरी बसवलेलं आणि तपासलेलं काम असतं, ते पुसण्याचा निर्णय माणसाने घ्यावा.

२५ मार्च

ए आणि बी असे दोन रूट स्लॉट (रूटच्या दोन जागा), राउक हा अपडेटचा प्रोग्रॅम अपडेट लिहितो, यूबूट हा बूटलोडर बूटचे प्रयत्न मोजतो आणि मर्यादा ओलांडली की जुन्या स्लॉटवर परततो. रूटपुरतं हे निर्धोक आहे, पण डेटा पार्टिशन दोन्ही स्लॉटना एकच. नव्या आवृत्तीने सेटिंग्ज फाईलची मांडणी बदलली आणि मग परतावं लागलं, तर जुन्या आवृत्तीपुढे तिला न कळणारी फाईल येते. परतीचा रस्ता असून नसल्यासारखा.

नियम ठरवले. नवी सेटिंग जोडताना मांडणीचा क्रमांक बदलायचा नाही, आणि न कळणारी ओळ दिसली तर तिला न दुखवता तशीच जपायची. एखाद्या ओळीचा अर्थच बदलत असेल तरच नवा क्रमांक, आणि त्या क्रमांकाची वेगळी डिरेक्टरी. स्थलांतर म्हणजे कॉपी, जुनी फाईल जागेवर तशीच. परतलेली जुनी आवृत्ती आपली जुनी फाईल उचलते. याची किंमत आहे: अपडेटनंतर वापरकर्त्याने केलेले बदल परतल्यावर दिसणार नाहीत. डिव्हाइस नेटवर्कवर न येण्यापेक्षा हे बरं, यावर एकमत झालं. असे बदल हरवले तर वेब पेज तसं सांगेल.

काही सेटिंग्ज यूबूटच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (त्याच्या स्वतःच्या छोट्या साठवणीत) ठेवाव्यात, अशी सूचना आली. तिथे दोन प्रती आणि सीआरसी३२ हा चेकसम आहे हे खरं, पण त्या जागेत बूटची मोजणी राहते. तिथे वाय-फायचा पासवर्ड लिहिताना काही बिघडलं तर डिव्हाइस उठण्याचाच प्रश्न येईल. नको.

२८ मार्च

जुन्या डिव्हाइसेससाठी आयात स्क्रिप्ट. जुन्या ईटीसीतून होस्टनेम, नेटवर्क, टाइमझोन वाचते, जुन्या इमेजच्या डिफॉल्टशी ताडते आणि फरक तेवढा सेटिंग्ज फाईलमध्ये उतरवते. बाकीच्या बदललेल्या फाईली एका अर्काइव्हमध्ये बांधून ठेवते, आपोआप लागू काहीच करत नाही.

१ एप्रिल

सपोर्टच्या मंडळींशी बोलणं झालं. त्यांचं दुखणं खरं आहे: आजवर रूट रीमाउंट करून, ईटीसीत दोन ओळी बदलून त्यांनी गिऱ्हाइकाची अडचण तिथल्या तिथे सोडवली आहे, आणि आम्ही तो दरवाजा बंद करतोय. पण असे हातचे बदल कुठेच नोंदले जात नाहीत, आणि पुढचा माणूस त्याच डिव्हाइसवर चक्रावतो.

त्यांना दोन कमांड दिल्या. एक ईटीसीवर टेम्पएफएसचा ओव्हरले चढवते. हवं ते बदलून पाहा, रीस्टार्ट झालं की सगळं जातं, आणि तोवर वेब पेजवर तशी पट्टी दिसते. दुसरी कमांड डिफॉल्टपेक्षा वेगळं असलेलं सगळं एका पानात छापते. दुसरी पाहून त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या सहकाऱ्याने तिथेच तीन डिव्हाइसेसवर ती चालवली आणि एकावरचा चुकीचा नेटवर्क गेटवेचा पत्ता लगेच सापडला. पहिल्या कमांडने सापडलेला उपाय टिकवायचा असेल तर तो एक तर सेटिंग म्हणून यावा, नाहीतर पुढच्या इमेजमध्ये. त्यासाठी त्यांना थेट आमच्या यादीत नोंद करता येईल.

३ एप्रिल

फॅक्टरी रीसेट लिहून झाला. चालत्या सिस्टीमखालून फाईली उडवायच्या नाहीत. बटण दाबलं की डेटा पार्टिशनवर खूण, रीस्टार्ट, आणि इनिटरॅमएफएसमध्ये, कोणी काही उघडण्याआधी, सफाई. खूण सगळ्यात शेवटी पुसायची, म्हणजे मध्येच वीज गेली तर पुढच्या बूटला सफाई पुन्हा पहिल्यापासून चालते. रिलेवर तीही चाचणी लावली आहे. एसएसएच की सफाईत जातात आणि नव्या बनतात. मशीन-आयडी राहतो.

सिस्टीमचं जर्नल तात्पुरत्या मेमरीतच, आकाराला मर्यादा घालून. घड्याळाची वेळ आणि सीड डेटा पार्टिशनवर गेले. आरटीसीला (हार्डवेअरच्या घड्याळाला) बॅटरी नसल्यामुळे शेवटची वेळ जपणं गरजेचं आहे, नाहीतर बूटनंतर लगेच जोडताना सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ ठरतात.

पुढच्या आवृत्तीसाठी एकच मोठं काम उरलं: डीएम-व्हेरिटी, म्हणजे वाचताना प्रत्येक ब्लॉक हॅशशी ताडून पाहणं. रूटवर आता कोणीच लिहीत नाही, म्हणजे प्रत्येक ब्लॉकचा हॅश इमेज बनवतानाच काढता येईल आणि मुळाच्या हॅशवर सही करता येईल. इनिटरॅमएफएस सहीच्या आत कसं आणायचं ते आधी ठरवावं लागेल, कारण जुळणी सोडली तर महत्त्वाचं जवळजवळ सगळं तिथेच घडतंय.